उलटं बारदान

पहाटे चारला धर्मपाल मनवरचा दिवस सुरू व्हायचा. त्याला उठवायला कोणी लागत नसे. जिनिंगचा भोंगा बंद होऊन सहा वर्षं झाली होती, आणि तो वाजत असता तरी आता त्याला ऐकू आला नसता. पण सत्तावीस वर्षं पहिल्या पाळीला गेलेलं अंग चारनंतर अंथरुणात टिकत नाही. उठून बसला की तो अंधारात हात लांब करायचा आणि शेजारी झोपलेल्या शीलाच्या पाठीवर ठेवायचा. पाठ वर-खाली होते आहे एवढं कळलं की मग चुलीकडे वळायचा. बायकोचा श्वास कानाला कळत नव्हता, म्हणून तो हातानं पाहायचा.

दोघांचंही दुखणं जिनिंगचं. तो रेच्यांवर होता. कापसातून सरकी वेगळी करणारी ती यंत्रं एका शेडमध्ये अठरा होती आणि सगळी एकदम चालायची. त्यांच्या मधोमध उभं राहून आठ तास कापूस लोटायचा. त्यात कान गेले. शीला बाहेरच्या ढिगावर बायांमध्ये बसून कवडी वेचायची, म्हणजे पिवळा, किडका कापूस बाजूला काढायची. वीस हंगाम तिच्या नाकातोंडात बारीक तंतू गेले. छाती भरली, आणि दरवर्षी आवाज थोडा थोडा खाली गेला. इकडे याचे कान उतरत होते, तिकडे तिचा आवाज. मुलगी ममता लग्न होऊन वणीला गेल्यावर घरात दोनच माणसं राहिली, आणि त्यांचं बोलणं खुणांवर आलं.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी तो तिला यवतमाळला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. डॉक्टर काय म्हणाला ते शीलानं ऐकलं आणि त्याला नुसता हात हलवून सांगितलं, 'चाललं आहे ते चालेल.' परत येताना स्टँडच्या वाटेवर कानाच्या मशीनचं दुकान लागलं. शीलानंच त्याला बाहीला धरून आत नेलं. दुकानदारानं मशीन लावलं. धर्मपालला आधी पंखा ऐकू आला, मग भिंतीवरचं घड्याळ, मग रस्त्यावरची सायकलची घंटी. आणि मग मागून कोणीतरी म्हणालं, "माही चप्पल तुटली वाटते."

त्यानं वळून पाहिलं. शीला वाकून पायाकडे पाहत होती. चार वर्षांनी त्यानं तिचा आवाज ऐकला होता. त्याच्या आठवणीत तो जाड होता, ढिगावरून शेडपर्यंत हाक मारणाऱ्या बाईचा. हा वाळलेल्या पानासारखा होता. किंमत ऐकून त्यानं मशीन काढलं, फडक्यानं पुसलं आणि दुकानदाराच्या हातात दिलं.

ढिगावरच्या बायांपैकी भागीरथा आधीच गेली होती. शेवटचे दोन महिने तिचे नुसते ओठ हलायचे, आवाज येत नसे. धर्मपालनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. शीलाचंही तसंच होणार हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. मशीन घ्यायचं तर त्याच्या आधी घ्यायचं. नंतर त्याचा काही उपयोग नव्हता.

काम मात्र मिळत नव्हतं. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेला, आणि दिग्रसच्या एकेका जिनिंगला कुलूप लागत चाललेलं. धर्मपालच्या जिनिंगचे मालक विठ्ठलराव वारले आणि त्यांचा मुलगा अमर यानं रेचे भंगारात विकून टाकले. शेड पाडली, जागेवर हिरवळ लावली, फाटकावर कमान उभारली आणि शुभमंगल लॉन असं नाव दिलं. जिथं कापसाच्या गाड्या रिकाम्या व्हायच्या तिथं आता लग्नाचे मांडव पडणार होते. धर्मपालला या जागेची वीट न् वीट माहीत होती, म्हणून अमरनं त्याला माळी म्हणून ठेवला. होळीनंतर तो कामाला लागला. घरखर्च शीलानं शिलाईच्या मशीनवर ओढला आणि याचा पगार बहुतेक तसाच तिच्या पत्र्याच्या पेटीत जाऊ लागला.

प्रत्येक जिनिंगला आगीचा हौद असतो. कापूस पेटला तर पाणी हाताशी पाहिजे. हा हौद बारा फूट लांब, आठ फूट रुंद, छातीइतका खोल. धर्मपालनं त्यातलं पाणी दोन वेळा खऱ्या आगीवर मारलं होतं. अमरनं तो तळाला भर घालून उथळ केला, आतून निळा रंगवला आणि यवतमाळहून तीस लाल मासे आणायचं ठरवलं. आता अडचण काठाची होती. काठ कोऱ्या सिमेंटचा, बोडका.

"काका," अमर त्याच्या कानाशी येऊन ओरडला, "हा काठ झाकून टाका. वरून पान्यात लोंबलं पायजे असं काही लावा. फोटो इथंच निघतीन सगळे."

"काय लावू?"

"पिवळ्या घंटीचा वेल लावा ना. मस्त लोंबते."

"त्याले दूध निघते, भाऊ. मासे मरतीन."

"मंग मनी प्लांट लावा."

"त्याचा चीक खाजरा हाय. मासे पानं कुरतडते. आपल्या जिभेले नाई चालत, थे त्याईले कसं चालन?"

फाटकावरचा पहारेकरी पूनमसिंग विडी विझवत जवळ आला. तो त्याच जिनिंगचा जुना माणूस, धर्मपालच्याच वयाचा. "बेशरम लाव, धरमा! कोनी पानी नाई देल्लं तरी वाढते. तुह्यासारखी."

"काय म्हन्ते हा?" धर्मपालनं अमरला विचारलं.

"काई नाई, काका. चांगलं म्हन्ते."

"चांगलं म्हनाले याचं तोंड असं वाकडं नाई होत."

माशांना काय चालतं आणि काय नाही, हे धर्मपाल आईकडून शिकला होता. लहानपणी उन्हाळ्यात अरुणावतीचे डोह आटत, तेव्हा गावातली माणसं गेळाची फळं कुटून पाण्यात टाकत. घटकाभरात मासे तोंड वर करून तरंगायला लागत. शेराच्या दुधानंही तसंच व्हायचं. आई त्याला काठावरची एकेक फांदी मोडून दाखवायची. मोडल्यावर दूध आलं तर बाजूला टाकायची. चीक बोटाला लावायची, खाज आली तर तेही बाजूला. ढोरं ज्याला तोंड लावत नाहीत ते पाण्याजवळ आणायचं नाही. एवढीच परीक्षा होती, पण आई ती कधी चुकवत नसे.

धर्मपालनंही चुकवली नाही. कण्हेर नको, रुई नको, घाणेरी नको. बेशरमीची जांभळी फुलं दिसायला कितीही चांगली असोत, तीही नको. दोन सकाळी तो नदीच्या काठानं फिरला आणि तीन रोपं घेऊन आला. ओल्या काठाशी रांगणारी ब्राह्मी, जाड बारीक पानांची, पांढऱ्या फुलांची. जलपिंपळी, जी पेरापेराला मूळ धरत पाण्यावर उतरते. आणि वरच्या कोरड्या बाजूला चिवळ, जी अख्खा वऱ्हाड भाजी म्हणून खातो. माणूस खातो ते मासाही खाईल.

तरी त्यानं तपासलं. दोन बादल्या घेतल्या. एकीत नुसतं पाणी आणि नदीतल्या चार बारीक मासोळ्या, दुसरीत तेवढंच पाणी, तेवढ्याच मासोळ्या आणि तिन्ही रोपांच्या जुड्या. तीन दिवस सावलीत ठेवल्या. रोज सकाळ-संध्याकाळ पाहिलं. चौथ्या दिवशी दोन्ही बादल्यांत चारही मासोळ्या फिरत होत्या. मग त्यानं कामाला हात घातला.

सिमेंटच्या काठाला माती धरत नव्हती. धुऊन पाण्यात जात होती. तेव्हा त्यानं जिनिंगच्या माणसाला सुचेल तेच केलं. मागच्या गोदामात जुन्या बारदानाची चळत पडून होती. चांगलं जाड ताग, उंदरांनीही सोडलेलं. त्यानं तेरा पोती निवडली. जिनिंगमध्ये बारदान परत वापरायचं तर आधी उलटं करायचं, म्हणजे आतल्या शिवणीत अडकलेले तंतू झटकून जातात आणि माल स्वच्छ राहतो. पहिल्या दिवशी मुकादम हेच शिकवतो. त्यानं प्रत्येक पोतं उलटं केलं, झटकलं, त्यात गाळाची माती भरली, तोंड सुतळीनं शिवलं आणि काठावर अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर असं एकाला एक लावून बसवलं. तागाला सुरीनं भोकं पाडून त्यात रोपं खोचली. कंबर धरली, पण पाच दिवसांत काठ झाकला. पंधरवड्यात ब्राह्मी पाण्यावर उतरली.

अमर पाहून गेला. "एकदम झकास, काका."

दसऱ्यानंतर मासे आले. तीस, तळहाताएवढे, लाल. दोन दिवस पोहले. तिसऱ्या दिवशी सकाळी धर्मपाल पोचला तेव्हा निम्मे आडवे झाले होते आणि उरलेले काठाशी तोंड वर करून हवा मागत होते. ते तसं तोंड वर करणं त्यानं पूर्वी पाहिलं होतं, डोहात. दुपारपर्यंत एकही उरला नाही.

अमर आला तो पायातले बूट न काढता हिरवळीवरूनच, आणि धर्मपालच्या कानाशी ओरडला. "तुमच्या ह्या जंगली वेलांनी खाल्ले ना माहे मासे?"

"वेलीनं नाई मेले," धर्मपाल म्हणाला.

"मंग कायनं मेले?"

"थे मले नाई ठाऊक. पन वेलीनं नाई. म्या तीन दिवस बादलीत ठेवून पाह्यलं."

तो एवढ्या ठामपणे बोलला की अमरनं वेलींचा विचार सोडला. दुसरं कारण शोधायला त्यानं इकडेतिकडे पाहिलं. हौदापासून वीस पावलांवर नळ होता आणि तिथं कौसल्या बसली होती. तिचा नवरा वणीकडे कोळशाच्या ट्रकवर क्लीनर, महिन्यातून एकदा घरी येणार. ती लॉनवर झाडलोट करायची आणि भांडी घासायची. आदल्या दिवशी अमरच्या पाहुण्यांचं जेवण झालं होतं आणि तिनं मोठे गंज, म्हणजे स्वयंपाकाची पातेली, साबणाच्या पुडीनं घासली होती. फेसाचा ओघळ हौदाच्या बाजूला गेलेला अजून दिसत होता.

"हे पान्यात गेलं!" अमर ओरडला.

"नाई जी, भाऊ, थे तं तिकडं नालीत गेलं. पाहा ना, काठ उंच हाय..."

"तीस मासे होते माहे! तुले मोरीवर घास म्हनून किती डाव सांगतलं?"

"मोरीवर पानी नाई येत भाऊ, लाइट नसते तवा. मी काय डोक्यावरून आनू?"

"उद्यापासून येऊ नोको."

यातलं धर्मपालला काही ऐकू आलं नाही. त्याला दिसलं ते असं, की कौसल्यानं हातातला गंज जमिनीवर ठेवला, हात पदराला पुसले आणि ती फाटकाकडे चालू लागली. पूनमसिंगनं त्याला कानात ओरडून सांगितलं, तेव्हा ती रस्त्याला लागली होती.

त्या दिवशी तो घरी जाताना एकच गोष्ट घोळवत राहिला. बादलीत मासोळी जगली, हौदात मेली. पाणी तेच, रोपं तीच. मग हौदात असं काय होतं जे बादलीत नव्हतं?

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो लॉनवर होता. फटफटायची वाट पाहिली. मग काठावरचं एक पोतं ओढून वर घेतलं, शिवण कापली, माती बाहेर टाकली आणि पोतं उलटं केलं. म्हणजे ते पूर्वी होतं तसं, सुलटं केलं. ओल्या तागावर लाल शाईची पुसट खूण होती. वितीएवढं अक्षर, 'औ'.

तो ते अक्षर पाहत खाली बसला.

अक्षर त्याच्याच हातचं होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी विठ्ठलराव काही सरकी बियाण्यासाठी वेगळी ठेवत. तिला कीड लागू नये म्हणून पोत्यात पांढरी भुकटी घालायचे. ती घालायला माणूस तयार होईना म्हणून धर्मपालला वरचा रोज देऊन लावलं होतं. नाकाला दुपट्टा बांधून त्यानं ती हातानं चोळली होती. आणि ही पोती ढोरांच्या ढेपेला, म्हणजे पेंडीला, चुकूनही जाऊ नयेत म्हणून मुनीमानं त्याला चौथीपर्यंत शिकलेला पाहून लाल शाईचा डबा दिला होता. औषध लावलेल्या पोत्यावर 'औ' काढायचा.

विषाला औषध म्हणायची इकडची रीत. कापसाच्या पऱ्हाटीवर फवारायचं ते औषध, उंदराला घालायचं ते औषध, आणि त्या वर्षांत माणसं घरात पिऊन मरत होती तेही औषधच.

गोदामाच्या अंधारात खूण दिसली नव्हती असं नाही. एका पोत्यावर लाल काहीतरी दिसलं होतं. एखाद्या व्यापाऱ्याची निशाणी असेल म्हणून त्यानं पोतं उलटं केलं, नेहमीसारखं, आणि खूण आत गेली. आईच्या परीक्षेत प्रत्येक पान बसलं होतं. बारदान तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

खात्री केल्याशिवाय तो कशालाच हो म्हणत नसे. त्यानं पोत्याचा हातभर तुकडा कापला, बादलीत टाकला आणि नदीवर जाऊन चार मासोळ्या आणून सोडल्या. साडेअकराला पहिली उलटली. दीडपर्यंत चारही गेल्या. त्यानं बादली फडक्यानं झाकली आणि दिवसभर हिरवळीला पाणी घातलं. कोणाला काही सांगितलं नाही.

सांगायची गरजही नव्हती. सावकाश एकेक पोतं काढलं असतं, मासे पुन्हा आले असते आणि जगले असते, आणि सगळे म्हणाले असते, पाहा, साबणानंच मेले होते. कानाच्या मशीनपुरते पैसे पेटीत झाले होते. येत्या सोमवारी यवतमाळला जायचं शीलाशी ठरलं होतं.

संध्याकाळी दिवा लागायच्या वेळी त्यानं शीलाला सगळं सांगितलं. ती शिलाईच्या मशीनवर होती. पाय थांबवून तिनं ऐकलं. मग काहीतरी बोलली. त्याला कळलं नाही. तो पुढे सरकला. ती पुन्हा बोलली, लांब, मध्ये थांबून खोकली, पुन्हा बोलली. त्याच्या नजरेला ओठांवरून एकच शब्द सापडला.

"कौसल्या?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. बाकीचं ती पुन्हा बोलली नाही. उठून तिनं पेटी खाली काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

सकाळी अमर हौदाजवळच खुर्ची टाकून बसला होता. समोर मुहूर्तांची डायरी उघडी होती. धर्मपालनं त्याच्यापुढे ते पोतं पसरलं. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे तो हळू बोलतोय असं वाटलं तरी फाटकापर्यंत जाई.

"भाऊ, मासे म्या मारले."

अमरनं दचकून मान वर केली. फाटकावर पूनमसिंग उठून उभा राहिला.

"हे औषधाचं बारदान हाय. हा औ पाहा. म्याच काढेल हाय. उलटं करून लावलं म्हनून दिसला नाई. बादलीत तुकडा टाकून पाह्यला, चारई मासोया मेल्या. साबनाचा काई संबंध नाई."

"धर्मपाल!" अमर उठून त्याच्या कानाशी ओरडला. काका राहिला नाही. "अकल हाय का तुले? वीस दिवसांवर लग्न हाय! या हंगामात बारा मुहूर्त, बुक झाला एक! लोकाईच्या घरात कापसाचा पैसा नाई तं लगनं कुठून करतीन? हा एक बी गेला तं मी काय विकू आता, हे खुर्च्या?"

"मासे मी आनतो."

"तू आनतो? तीस?"

"हाओ."

"अन् हे पानी? हे सगळं?"

"करतो. पन पयले कौसल्याले बोलवा. थे आली का मंग मी हौदात उतरतो."

अमर खुर्चीवर परत बसला. मग त्यानं पूनमसिंगला हात केला. पूनमसिंगनं सायकल काढली.

कौसल्या आली ती धर्मपालच्या समोर येऊन उभी राहिली. त्याला कळावं म्हणून एकेक शब्द तोंड मोठं करून बोलली. "मामा, दोन दिवस. अख्ख्या मोहल्ल्यात. मासेमारी म्हनून राह्यले मले लोकं. लेकरं म्हन्ते, मावशी मासे किती शिजवले?"

धर्मपालनं हातात बादल्या घेतल्या.

"तुमच्या जागी मी असती तं म्हनलं असतं साबनानंच मेले. तुमाले काय, लोकाईचं ऐकाले कानच नाई," ती म्हणाली आणि नळाकडे गेली. हे शेवटचं तिनं पाठ फिरवून म्हटलं होतं, ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

हौदाच्या तळाला झडप होती. ती उघडली असती तर पाणी नालीतून नाल्याला गेलं असतं आणि काम अर्ध्या दिवसात झालं असतं. पण नाल्यावर खालच्या वस्तीची ढोरं पाणी पितात. धर्मपालनं झडप उघडली नाही. जिनिंगच्या मागं सरकीचा कचरा टाकायचा जुना खड्डा होता, नव्वद पावलांवर. हातात दोन बादल्या, नव्वद पावलं जाताना, नव्वद येताना. पहिल्या दिवशी एकशे तीस खेपा झाल्या. दुसऱ्या दिवशी एकशे दहा, कारण खांदे वर होत नव्हते. उरलेला गाळ तिसऱ्या दिवशी टोपल्यानं. तेरा पोती मातीसकट त्याच खड्ड्यात टाकून वर चार हात मुरूम ओढला. जाळली नाहीत. धूर कुणाच्यातरी घरात गेला असता.

पूनमसिंग पहिल्या दिवशी लांबूनच म्हणाला, "धरमा, म्या तं बेशरम लाव म्हनलं होतं." तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं खड्ड्यावर मुरूम टाकायला फावडं घेतलं. कौसल्यानं तीन दिवस त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी तिनं चहाचा गिलास काठावर ठेवला आणि निघून गेली.

त्यानं हौद चुन्यानं घासला, विटेनं घासला, दोन वेळा भरून दोन वेळा खड्ड्याकडे उपसला. बोटांच्या पेरांवरची कातडी निघाली. पुन्हा नदीवर गेला, नवी ब्राह्मी, नवी जलपिंपळी, नवी चिवळ आणली, मुळं वाहत्या पाण्यात धुतली. माती धरायला यावेळी ताग नाही. पाडलेल्या शेडच्या छपराचे मातीचे कवेलू मागं रचून ठेवले होते. ते एकात एक अडकवून काठावर खण केले, त्यात नदीची रेती आणि काळे गोटे. मग हौदात वीस मासोळ्या सोडल्या आणि चार दिवस पाहिल्या. वीसच्या वीस राहिल्या.

लग्नाच्या दोन दिवस आधी तो दारव्ह्यावरून जाणाऱ्या एस.टी.नं यवतमाळला गेला. कानाच्या मशीनचं दुकान स्टँडच्या वाटेवरच होतं. त्यानं दुसरी गल्ली धरली.

मासेवाल्यानं काय विचारलं ते त्याला कळलं नाही. त्यानं लाल माशांकडे बोट दाखवलं, मग तळहात पसरून माप दाखवलं. पैसे ठेवले. मासेवाल्यानं ते पाहिले आणि पिशव्या भरायला घेतल्या. हवा भरून फुगवलेल्या पाच पिशव्या. परतताना बस भरलेली होती. तीन पिशव्या मांडीवर, दोन पायांत धरून तो अडीच तास बसला. खड्डा आला की तो दोन्ही हात पिशव्यांखाली घालून त्यांना उचलून धरी. शेजारचा माणूस काहीतरी विचारत होता. धर्मपाल मान हलवत राहिला.

लग्न झालं. फोटो हौदाजवळच निघाले. ब्राह्मी अजून पाण्यापर्यंत पोचली नव्हती, कवेलू उघडे दिसत होते, पण फोटोत माणसांनी ते झाकले. दुसऱ्या दिवशी अमरनं त्याला जवळ बोलावलं आणि या वेळी काका म्हणाला. पुढचे मुहूर्त रिकामेच होते. झाडांना पाणी पूनमसिंग घालू शकतो. हिशेब महिनाअखेरपर्यंतचा.

त्याच सकाळी शीला आली होती. तिला मासे पाहायचे होते. फाटकापासून हौदापर्यंत येताना ती दोन वेळा थांबली. कवेलूंवर टेकून तिनं पाण्यात पाहिलं. मासे चिवळीची पडलेली पानं खात होते. एकानं तोंड वर केलं तसा धर्मपाल चटकन वाकला. पण मासा नुसतं पान घेऊन खाली गेला.

शीला बोलायला लागली. तिचे ओठ बराच वेळ हलत होते. तो त्यांच्याकडे पाहत बसला. अधूनमधून तिनं हौदाकडे हात केला, एकदा त्याच्या सोललेल्या बोटांकडे केला. तिच्या छातीवर त्याची नजर होती, ती वर-खाली होत होती. बोलून झाल्यावर तिनं हाताची बोटं पसरून विचारलं, किती?

त्यानं दोन्ही हातांनी दाखवलं. दहा, दहा, आठ. मग थांबून आणखी दोन बोटं. सात महिन्यांच्या मजुरीचे अठ्ठावीस लाल मासे आले होते, आणि दोन मासेवाल्यानं वरून टाकले होते.